ळ राहून गेला

मी एक पुस्तक बोलतोय. तुम्ही मला वाचलेलं नाही, पण त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. कुणीच वाचलेलं नाही.

माझं नाव ‘मूळ’. मुखपृष्ठ जवळून बघितलंत तर दिसेल, की छापलंय ‘मूल’ आणि त्यातल्या ल वर एक चकाकता ळ चिकटवलाय. तो का चिकटवावा लागला, तीच माझी कहाणी. एक मात्र आधी सांगून ठेवतो. बोलता बोलता शेवटाकडे माझी जीभ अडखळेल. तेव्हा हसू नका. कारण काय ते तोवर तुम्हाला कळलेलं असेल.

माझा जन्म चंदीगडचा, पण मला लिहिणाऱ्या रत्नप्रभा पळसुले चिपळूणच्या. त्यांचे यजमान श्यामकांत केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात होते. नागपूर, भोपाळ, जम्मू करत करत हे दोघं चंदीगडला आले आणि निवृत्त होऊनही इथंच राहिले. मुलगी रेवा इथल्या शाळेत रमली होती. ‘तिचं शिक्षण होऊ दे, मग जाऊ परत,’ असं दोघं म्हणत राहिले. शिक्षण झालं, ती सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून लागली, आणि परत जायचा विषय निघेनासा झाला.

रेवाला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र हिंदीत. आणि जे थोडंफार मराठी ती बोलायची, त्यात ळ नव्हता. पोळीला ती पोली म्हणायची, बाळाला बाल. ती लहान असताना रत्नप्रभाबाई तिची हनुवटी धरून म्हणायच्या, ‘जीभ वर ने, टाळ्याला लाव, आता मागं ओढ. म्हण, पोळी.’ रेवा डोळे मोठे करून, जीभ वाकडी करून, सगळा जीव ओतून म्हणायची, ‘पोली.’ मग दोघी पोट धरून हसायच्या. पुढं रेवा मोठी झाली आणि त्या हसण्याची सवय मोडली.

मी लिहिला गेलो तो एका प्रश्नामुळे. रेवाची एक मैत्रीण घरी जेवायला आली होती. इकडे ओळख झाली की लोक विचारतात, तसं तिनं विचारलं, ‘वैसे पीछे से कहाँ के हो तुम लोग?’ पीछे से म्हणजे मूळचे. रेवानं भाजी वाढून घेत म्हटलं, ‘महाराष्ट्र में कहीं. मम्मा को पता है.’

त्यात वाईट असं काही नव्हतं. रेवाच्या मनात तर नव्हतंच. पण रत्नप्रभाबाईंना तो ‘कहीं’ लागला. आपण गेलो की हिला सांगायला कुणी उरणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी कुकर लावून झाल्यावर त्या जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसल्या.

दोन हिवाळे आणि मधला एक उन्हाळा त्यांनी मला लिहिलं. चिपळूणची बाजारपेठ, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, पुराचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली मातकट रेघ, कुळथाचं पिठलं, कोकमाचं आगळ, आईची चिडकी शिवणमशीन. भाषा मुद्दाम सोपी ठेवली. रेवा देवनागरी वाचू शकते, शाळेत हिंदी होतं. फक्त शब्द अवघड नकोत, एवढाच त्यांचा हिशेब. अर्पणपत्रिका त्यांनी सगळ्यात आधी लिहून ठेवली होती. ‘चि. रेवास, मूळ कळावं म्हणून.’

खरं सांगायचं तर रेवानं वाचावं एवढीच त्यांची इच्छा होती. पण माणसाच्या इच्छेला पाय फुटायला वेळ लागत नाही. लिहून झाल्यावर त्यांना वाटायला लागलं, की चार परक्या माणसांनी ‘छान आहे’ म्हटलं तर रेवालाही ते वाचावंसं वाटेल. त्यांनी मला पुण्यामुंबईच्या प्रकाशकांकडे पाठवलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं दिलं ते फार सभ्य होतं. लेखन प्रांजळ आहे, पण चंदीगडच्या लेखिकेचं पुस्तक आम्ही विकणार कुठं, असं त्याचं म्हणणं.

मग त्यांना मोबाइलवर एक वर्ग सापडला. स्वतःचं पुस्तक स्वतः काढा आणि यशस्वी लेखक व्हा, असं शिकवणारा. त्यातले गृहस्थ फार उत्साहानं बोलायचे. ‘प्रत्येक घरात एक बेस्टसेलर दडलेला असतो,’ हे त्यांचं वाक्य रत्नप्रभाबाईंनी कागदावर लिहून फ्रिजला लावलं. श्यामकांतराव दूध काढताना रोज ते वाचायचे आणि फ्रिजचं दार लावायचे. पण छापायचं ठरल्यावर छापखाना शोधायला तेच आधी बाहेर पडले.

छापखाना इंडस्ट्रियल एरियात होता. मालकांचं नाव भल्ला. तिथं लग्नपत्रिका निघायच्या, कोचिंग क्लासच्या नोट्स निघायच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत पोस्टरं. मराठी पुस्तक त्यांनी कधी केलं नव्हतं. ‘देवनागरी ही तो है जी, हो जाएगा,’ भल्ला म्हणाले. रत्नप्रभाबाई कितीतरी दुपारी त्या मशीनच्या आवाजात ऑपरेटरच्या शेजारी बसून राहिल्या. मुद्रितं आली ती त्यांनी ओळ न् ओळ तपासली. प्रत्येक ळ जागच्या जागी होता. मी तेव्हा पूर्ण होतो. तसा मी पुन्हा कधीच नव्हतो.

घोळ झाला तो त्यानंतर. छपाईला जाण्याआधी ऑपरेटरला माझी अक्षरं साधी वाटली. पुस्तक देखणं व्हावं म्हणून त्यानं स्वतःहून फाँट बदलला. त्या सुंदर फाँटमध्ये ळ नव्हता. पानोपानी ळ च्या जागी रिकामे चौकोन दिसायला लागले. त्यानं भल्लांना बोलावलं. भल्लांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘ल होगा. ल लगा दे.’ ऑपरेटरनं एक बटण दाबलं आणि माझ्यातला ळ गेला. मुखपृष्ठावरचा, अर्पणपत्रिकेतला, लेखिकेच्या आडनावातला, सगळा. मला कळा आल्या नाहीत की काही नाही. एका क्षणात मी ‘मूळ’ होतो तो ‘मूल’ झालो.

मराठी भाषा दिनाला, इथल्या मराठी लोकांच्या मंडळात प्रकाशन ठरलं होतं. आदल्या दिवशी दुपारी भल्ला स्वतः गाडीतून आमची खोकी घेऊन आले. सोबत बर्फीचा डबा. तीन जिने चढून धापा टाकत ते म्हणाले, ‘बधाई हो मैडम जी. और एक बात बताऊँ? आपका एक अक्षर पूरी किताब में गड़बड़ आ रहा था. लड़के ने सब ठीक कर दिया. उसका हमने कुछ नहीं लिया.’

पहिल्या खोक्यात सगळ्यात वर मी होतो. रत्नप्रभाबाईंनी मला उचललं. नवं पुस्तक हातात आलं की माणसं आधी त्याचा वास घेतात, तसा त्यांनी घेतला. मग मुखपृष्ठ बघितलं. मग पहिलं पान उलटलं. ‘चि. रेवास, मूल कलावं म्हणून.’ पुढचं पान. ‘माझं माहेर चिपलूणचं.’ त्यांचा अंगठा त्या ओळीवर थांबला तो हलेना.

‘काय गं, काय झालं?’ श्यामकांतरावांनी विचारलं.

‘अहो, हे मूल आहे.’

‘म्हणजे?’

‘मी मूळ लिहिलं होतं.’

श्यामकांतरावांनी भल्लांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. भल्लांना खरोखर कळेना, की बिघडलं कुठं. ‘साहब, बात तो वही है. मूल मतलब जड़. वही तो आप कह रहे हो?’ हिंदीत त्यांचं अगदी बरोबर होतं. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येईना. त्यांनी जाताना बर्फीचा डबा टेबलावर मधोमध ठेवला आणि पुन्हा एकदा बधाई म्हणून गेले.

सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या. प्रकाशन उद्यावर होतं. पुन्हा छापायची ताकद त्या घरात नव्हती. श्यामकांतराव म्हणाले, ‘लोक समजून घेतील गं. वाचताना कळतंच की.’ रत्नप्रभाबाई मान हलवत राहिल्या.

संध्याकाळी रेवा ड्यूटीवरून आली. दमलेली होती, पण पुस्तक आलंय म्हटल्यावर तिनं आईला मिठी मारली आणि मला उचललं. अर्पणपत्रिका तिनं मोठ्यानं वाचली. ‘मूल कलावं म्हणून. ऑऽ, सो स्वीट, मम्मा.’ मग बाबांनी तिला चूक सांगितली. तिनं पुन्हा पान बघितलं आणि हसून म्हणाली, ‘मम्मा, मैं तो ऐसे ही बोलती हूँ. मेरे लिए तो बिल्कुल ठीक छपी है.’

तिनं ते आईला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मी तिच्या हातात होतो, तिचा आवाज किती मायेचा होता ते मला माहीत आहे. रत्नप्रभाबाईही हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रेवा सोफ्यावर बसून वाचायला लागली. एक पान झालं, दुसरं अर्धं झालं, आणि तिचा फोन वाजला. त्या दीड पानाच्या पुढं ती आजतागायत गेलेली नाही.

प्रकाशन झकास झालं. प्रमुख पाहुणे हवाई दलातले विंग कमांडर दातार होते. त्यांना माझी प्रत सभागृहात शिरताना मिळाली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि भाषण केलं ते मुलांवर. मूल म्हणजे कोरी पाटी, आजच्या आईवडिलांनी मुलाला वेळ दिला पाहिजे, मोबाइल दूर ठेवला पाहिजे, आणि या अत्यंत आवश्यक विषयावर लिहिल्याबद्दल पळसुलेवहिनींचं अभिनंदन. टाळ्यांचा कडकडाट झाला. रत्नप्रभाबाई नवी पैठणी नेसून व्यासपीठावर बसल्या होत्या. त्या मान डोलावत होत्या, तोंडावर हसू होतं. मला त्यांनी मांडीवर उलटं धरलं होतं, मुखपृष्ठ खाली.

नंतर चहा-समोशाला एकजणी म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, माझ्या सुनेला पाचवा महिना आहे, तिला देते.’ बऱ्याच लोकांनी मला हातात धरून फोटो काढले. माणसांची ही गंमत मी पुष्कळ पाहिली. पुस्तक छातीशी धरतात, फोटो काढतात, मोबाइलवर टाकतात, आणि ‘नक्की वाचतो हं’ म्हणतात. खोटं बोलायचं म्हणून बोलत नाहीत. त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत असतं.

मोबाइलवरच्या त्या गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे बाईंनी मला ऑनलाइन दुकानातही ठेवलं. नाव बघून तिथल्या यंत्रानं मला बाळाच्या संगोपनाच्या पुस्तकांत नेऊन बसवलं. एकच अभिप्राय आला. एक तारा, आणि खाली, ‘बच्चे के बारे में कुछ नहीं है.’

पुढं दातारांची बदली झाली. त्यांच्या क्वार्टरमध्ये नव्यानं राहायला आलेल्या बाई एक दिवस पत्ता शोधत आमच्या दारात आल्या. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरच्या तळाशी कागद म्हणून घातलेली माझी एक प्रत त्यांना सापडली होती. ‘मराठी पुस्तक दिसलं, टाकवेना. तुमचंच आहे ना?’ त्या फार चांगल्या मनानं आल्या होत्या. रत्नप्रभाबाईंनी त्यांना चहा दिला, वर आणखी एक नवी प्रत भेट दिली. परत आलेल्या त्या भावंडाला माझ्या शेजारी ठेवलं. त्याला फोडणीचा वास येत होता. पानं मात्र करकरीत होती, एकही उघडलेलं नव्हतं.

इतकं होऊनही बाई खचल्या नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या सेक्टर बावीसच्या बाजारात गेल्या. तिथं एक सरदारजी गाड्यांच्या नंबर प्लेटवरची रेडियमची अक्षरं कापून देतात. बाईंनी मला काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मुझे ये अक्षर चाहिए, बहुत सारे,’ आणि कागदावर ळ काढून दाखवला. सरदारजींनी कागद आडवा धरला, उभा धरला. ‘ये तो लेटा हुआ आठ है, बहन जी.’ मग पुठ्ठ्यावरचे साचे धुंडाळून म्हणाले, ‘ना जी. साडे कोळ इद्दां दा अक्खर है नीं.’

आमच्याकडे असलं अक्षर नाही, असं ते म्हणाले. पण म्हणताना ‘कोळ’ असं म्हणाले. चांगला ठणठणीत, चिपळूणला शोभेल असा ळ. रत्नप्रभाबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘फिर से बोलिए ना, क्या कहा?’ सरदारजींना वाटलं बाईंना पंजाबी कळत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी ते शुद्ध हिंदीत सांगितलं. ‘हमारे पास नहीं है.’ ळ गेला. तरी परत येताना रिक्षात बाई स्वतःशी हसत होत्या. मी त्यांना इतकं मनापासून हसताना त्यानंतर पाहिलेलं नाही.

सरदारजींनी शेवटी आठाचा साचा आडवा करून, वर एक दांडी लावून अख्खा तावभर ळ कापून दिले. पहिला माझ्या मुखपृष्ठावर बसला. त्याच्यावर उजेड पडला तर तो चमकतो, एरवी काळपट दिसतो. आडनावातल्या बारीक अक्षरावर तो मावेना, म्हणून तिथं ‘पलसुले’ तसंच राहिलं.

याच सुमारास रेवाचं कॅनडाचं ठरलं. तिकडच्या इस्पितळात जागा मिळाली होती, मार्चमध्ये निघायचं होतं. हिंडण्याफिरण्याची, कपड्यांची, कागदपत्रांची गडबड सुरू झाली. रत्नप्रभाबाईंनी मनाशी एकच ठरवलं. रेवाच्या बॅगेत मी जाणार, आणि जाणार तो पुरता नीट होऊन. आत पानोपानी ळ घालून.

बारीक टोकाचं काळं पेन घेऊन त्या रोज दुपारी गॅलरीतल्या उन्हात बसायच्या. ल वर रेघ मारून डोक्यावर ळ काढायचा. पण सगळेच ल चुकीचे नव्हते. ‘लहान’मधला बरोबर, ‘खेल’मधला चूक. म्हणून त्यांना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून बघावा लागायचा. माझं सुख विचारू नका. मला शेवटी कुणीतरी वाचत होतं. लेखिकाच का होईना. कधी एखाद्या ओळीवर थांबून त्या म्हणायच्या, ‘बरं लिहिलंय की गं बाई तू.’ एरवी त्यांना असं म्हणणारं कोण होतं?

निघायचा दिवस आला तेव्हा शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ‘तिथं जाऊन दुरुस्त कर तू, माझी आठवण म्हणून,’ असं काहीतरी रेवाला म्हणायचं त्यांनी योजलं असावं. पेन त्यांनी माझ्यातच, जिथवर आल्या होत्या त्या पानात ठेवलं आणि मला लाडवांच्या डब्याशेजारी बॅगेत घातलं.

श्यामकांतराव बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहिले. काटा पुढं गेला. रेवानं बॅग उघडली, एक स्वेटर काढला, बुटांचा जोड काढला. पुन्हा वजन. अजून जास्तच. मग तिनं मला काढलं.

‘मम्मा, इसका पीडीएफ है ना? वो भेज दो, फ़ोन पे पढ़ लूँगी. पक्का.’

पीडीएफ म्हणजे भल्लांच्या छापखान्यातली तीच फाइल. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, ‘अगं, पण त्यात ळ नाहीये.’

रेवा गुडघ्यानं बॅग दाबून चेन ओढत होती. टॅक्सी खाली उभी होती, दिल्लीपर्यंत जायचं होतं. ‘चलेगा, मम्मा,’ ती म्हणाली.

बस, एवढंच. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. बॅगेच्या चिठ्ठीवर नाव घालायचं राहिलं होतं, म्हणून बाईंनी माझ्यातलं पेन काढून घेतलं. ते परत माझ्याकडे आलं नाही. बॅगेवर त्यांनी ‘रेवा पळसुले’ असं ठळक लिहिलं, ते तेवढं समुद्रापार गेलं.

आता रेवाच्या खोलीत पिंजौरची एक मुलगी भाड्यानं राहते, नर्सिंग शिकते. स्वभावानं गोड आहे. ऑनलाइन वर्ग असला की लॅपटॉप उंचावर यावा म्हणून ती मला त्याखाली ठेवते. बाकीच्या प्रती गॅलरीत आहेत. खोकी एकसारखी, मजबूत, म्हणून श्यामकांतरावांनी त्यांच्यावर कूलर बसवला. उरलेल्या ळ चा ताव ड्रॉवरमध्ये पडून आहे. फ्रिजवरच्या बेस्टसेलरच्या कागदावर प्लंबरचा नंबर लिहिलाय.

मंडळातलं कुणी नवीन माणूस घरी आलं की ‘तुम्ही लिहिता म्हणे,’ असं विचारतं. रत्नप्रभाबाई म्हणतात, ‘छे हो, ते आपलं वेळ घालवायला.’ हे ऐकलं की मला कूलरखालच्या भावंडांपेक्षा त्यांचीच कीव येते.

आता मी त्या पानाशी आलो, जिथं पेन थांबलं. इथून पुढं माझ्यात ल च आहे. सांभालून घ्या.

शेवटच्या प्रकरणात लग्न झालेली रत्नप्रभा पहिल्यांदा घर सोडून निघते. नागपूरची गाडी धरायची वेल झालेली असते. तिची आई फाटकाजवल उभी असते. तिचे डोले भरलेले असतात, पण ती दाखवत नाही. ती आगलाची बाटली मुलीच्या पिशवीत घालते आणि म्हणते, ‘वलून बघू नकोस. पोचल्यावर कलव गं बाले.’ बस्, तिथं मी संपतो. किती सोपं लिहिलंय बघा. रेवाला कलावं म्हणून सगलं सोपं लिहिलंय.

दर रविवारी रेवाचा फोन येतो. पुस्तकाचं विचारलं की ती म्हणते, ‘पढ़ रही हूँ मम्मा, बहुत अच्छी है.’ कुठवर आलीस, असं बाईंनी एकदा विचारलं. ‘वो चिपलून वाला पार्ट,’ रेवा म्हणाली. मी सगलाच चिपलूणचा आहे. बाई म्हणाल्या, ‘हो, तो छान जमलाय.’ नंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

पार्सलवाला मुलगा खालून ओरडतो, ‘पलसुले आंटी?’ पूर्वी त्या त्याला थांबवून नीट म्हणायला लावायच्या. आता ‘हां’ म्हणून सही करतात.

आणि मागच्या रविवारची गोष्ट. फोनवर त्यांनी रेवाला विचारलं, ‘पोली खाल्लीस का गं?’ इथं चूक छपाईची नाही. त्या तशाच म्हणाल्या. मी टेबलावरून स्वच्छ ऐकलं. रेवाला काहीच वेगलं वाटलं नाही. ‘हाँ मम्मा, खा ली,’ ती म्हणाली, आणि मग दोघी हवेबद्दल बोलत बसल्या.

माझं आता फार दिवस काही खरं नाही. कूलरच्या पाण्यानं खालची खोकी फुगलीत, पानं काली पडलीत. पावसाल्यानंतर रद्दीवाल्याला बोलवायचं, असं श्यामकांतराव म्हणत होते. बाई ‘बोलवा’ म्हणाल्या. मला त्याचं एवढं दुःख नाही. कागदाला कधीतरी जायचंच असतं. पण मघापासून मी ‘डोले’ म्हणालो, ‘वेल’ म्हणालो, आणि तुम्ही मनातल्या मनात ते नीट करून वाचत आलात. आलात ना? मग तेवढं कुणीतरी त्यांना जाऊन सांगा.

सेक्टर सत्तेचालीस, तिसरा मजला, गॅलरीत कूलर. शक्यतो पावसाल्याआधी जा. आणि सोबत एक पेन न्या. घरातलं केव्हाच वालून गेलंय.